पिशवीची गाठ

बसा. चहा ठेवलाय, उकळेपर्यंत सांगून होईल. नाही झालं तर चहा आटू दे, पण किस्सा अर्धा टाकून कुणी उठायचं नाही. माझ्याच फजितीचा आहे, म्हणून मीच सांगते. का म्हणाल? तर आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेत हा किस्सा चार तऱ्हांनी फिरतोय, आणि चारींमध्ये माझ्या हातात कात्री आहे. आता कात्री होती, ते मी नाकारत नाही. पण कशासाठी होती, ते कुणी धड सांगतच नाही!

आधी माझं थोडं ऐका, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मी शाळेची पायरी चढलेली नाही. अक्षरं शिकले ती वाण्याच्या पुड्यांवर. पूर्वी साखर, डाळ, गूळ, सगळं कागदाच्या पुड्यातून यायचं, वरून दोरा गुंडाळलेला. घरी आलं की डाळ डब्यात, दोरा रिळाला आणि कागद माझ्या उशाखाली. कधी कुणाच्या वहीचं पान, कधी वर्तमानपत्राचा तुकडा, कधी मासिकातली अर्धी गोष्ट. अर्धी गोष्ट तुरीच्या डाळीबरोबर आली की उरलेली अर्धी मी मनात रचायची. किती राजकन्या मी अशा एकटीनं राक्षसाच्या घरून सोडवून आणल्यात, त्याची मोजदाद नाही.

मग आली प्लास्टिकची पिशवी, आणि माझं वाचनालय बंद पडलं!

लोक म्हणतात प्लास्टिकनं गटारं तुंबतात, गाईंच्या पोटात जातं. खरंच आहे ते. पण माझं वैर त्याच्या आधीचं आहे, आणि घरगुती आहे. त्या चकचकीत पिशवीवर वाचायला काही नसतं हो. असलंच तर दुकानाचं नाव. ते किती वेळा वाचायचं?

म्हणून मी बाजाराला कायम कापडी पिशवी नेत आले. चादरीच्या कारखान्यात कडा शिवण्यात माझा जन्म गेला, कापडाला काय तोटा? पण मागं एकदा आमच्या किराणावाल्या मल्लप्पा शेठनं मला मोठ्या कौतुकानं एक पिशवी दाखवली. हिरवी, वर झाडाचं चित्र.

"आक्का, आता आम्ही पण सुधारलो की! ही बघा. कापडी."

मी ती हातात घेतली, उजेडाकडं धरली. मग म्हणाले, "शेठ, ह्यातला एक धागा काढून दाखवा."

त्यानं नखानं उकरलं, दातानं ओढलं. धागा असेल तर निघेल ना! कापड म्हणजे एक उभा धागा, एक आडवा धागा. सोलापुरात राहून हे कळत नसेल त्यानं गाव सोडावं. हे तर प्लास्टिकच, कापडाचं सोंग घेतलेलं. खिडकीत चार महिने उन्हात ठेवा, पापडासारखा चुरा होतो.

"मग कुठली घ्यावी म्हणता?" शेठ जरा खट्टू झाला.

मला असं कुणी विचारलं की मी थांबत नसते. सांगितलं त्याला. मांजरपाटाची हलकी असते, चार घड्या घालून कमरेला खोचता येते, पण कांदे-बटाटे भरले की तळ लोंबतो. गोणपाटाची दमदार, पण एकदा धुतली की आकसून बसते, आणि पिठाला तिचा वास लागतो. सगळ्यांत खरी आपली चादरीच्या तुकड्याची. आणि बंद बघायचे. बंद नुसते वरच्या काठाला टाचलेले असतील तर पिशवी घ्यायचीच नाही. बंद दोन्ही अंगांनी तळापर्यंत उतरून खालून फिरून आला पाहिजे, म्हणजे ओझं बंदावर येतं, कापडावर येत नाही.

"एवढं कळतंय तर तुम्हीच शिवून द्या की आक्का! मी ठेवतो दुकानात."

तो बोलून तराजूकडं वळला. विसरलासुद्धा असेल. पण मी विसरले नाही. ते वाक्य मी पदराला बांधून घरी आणलं.

त्या दिवसापासून माझ्या दुपारी बदलल्या. माझ्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर, खाली यंत्रमागांचा गाळा. दुपारभर खालून माग वाजत असतात, त्या लयीत फरशीसुद्धा हलकी थरथरते. खिडकीतून तिरका उजेड येतो आणि त्यात कापसाचे तंतू तरंगतात, इतके सावकाश की त्यांना कुठं पोचायचंच नसावं. पिशव्या शिवायला मशीनवर बसलं की पाय आपोआप चालतात आणि मन भलतीकडंच निघून जातं.

मला दिसायचं, की सोलापूरभर माझ्या पिशव्या चालल्यात. बायका आहेत की नाहीत कळत नाही, नुसत्या पिशव्याच. लाल, निळ्या, मोरपंखी, चौकड्यांच्या. मंडईतून निघाल्यात, तलावाच्या काठानं चालल्यात, वाऱ्यानं पोटं फुगलीत. एकीतून मेथी डोकावतेय, एकीतून कोथिंबीर. आणि प्रत्येकीच्या तळाशी कागदाचा एकेक पुडा, दोरा बांधलेला, ज्यात कुणाची तरी उरलेली अर्धी गोष्ट आहे. मी मागून चालतेय आणि सगळ्या पिशव्या एकदम थांबून मला विचारताहेत, आक्का, पुढं काय झालं?

अशाच एका दुपारी फोन वाजला.

मंगलचा होता. मंगल म्हणजे माझी धाकटी जाऊ. सांगोल्याकडं असते, शेरडं-मेंढरं, थोडी डाळिंबं. तिचा नवरा भानुदास माझा सगळ्यात धाकटा दीर. आठवड्यापूर्वीच मी त्याला फोनवर सांगितलं होतं, "भावजी, मंगलला म्हणावं, घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाक, मी नव्या शिवून देते." तो "बरं वैनी" म्हणाला होता. आता भानुदासचं "बरं वैनी" म्हणजे काय, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. त्यानं बायकोला एक शब्द सांगितला नव्हता!

"आक्का, मी मंगल."

"बोल की."

"आक्का, त्ये… पिशवीचं इचारायचं व्हतं."

मला काय आनंद झाला! निरोप पोचला म्हणायचा.

"विचार की मग. लाजतेस काय?"

"कसं बोलू कळंना. पिशवी खराब झालीया. ते म्हनत्यात, काढून टाका."

आता तुम्हीच सांगा. आपल्याकडं बाईनं नाव न घेता 'ते' म्हटलं, तर ते म्हणजे कोण? नवरा! दुसरं कोण असणार?

माझं डोकंच सणकलं. मंगलच्या लग्नात मी तिला माझ्या हातची चादरीची पिशवी दिली होती. तिची दोन्ही पोरं त्याच पिशवीत पुस्तकं घालून शाळेला गेली. तिला हा भानुदास खराब म्हणतो?

"अगं, तुझी दोन्ही लेकरं त्या पिशवीच्या जिवावर वाढली! आणि आता ती खराब झाली होय?"

पलीकडून हुंदका आला.

"मी बी त्येच म्हनलं आक्का. पर ते म्हनत्यात, लेकरं झाली, मोटी झाली, आता तिचा काय उपेग?"

"उपयोग नाही म्हणून टाकायची? हे कुठलं शहाणपण!"

"गाठ बी हाय म्हनत्यात."

"गाठ? केवढी?"

"लिंबाएवडी."

डोळ्यांपुढं बंदाला पडलेली ती गाठ आली. ओढाओढीत पडते अशी.

"आतून का बाहेरून?"

"आतनं हाय."

"मग घाबरतेस कशाला? गाठ आहे तर गाठीचं बघावं! गाठीपायी कुणी अख्खी पिशवी टाकतं का?"

"मग मी काय करू वो?"

झालं. मला असं कुणी विचारलं की काय होतं, ते मघाशी सांगितलंच.

"नीट ऐक. एकाच माणसाचं ऐकून काढायची नाही. दुसरीकडं दाखवायची. तू शनिवारी सोलापूरला ये. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय पिशवीला कुणाला हात लावू देऊ नको. आणि त्यांना जाऊन सांग, आक्का म्हणाली, पिशवी बाईची आहे, काय करायचं ते बाईनं ठरवायचं. बाप्यांनी त्यात तोंड घालायचं नाही!"

फोनमधून लांबून शेळी ओरडली तेवढी. मग मंगल रडायला लागली, मोकळी, पावशेर नव्हे, चांगली घागरभर.

मी मनात म्हटलं, बघा! वीस-बावीस वर्षांच्या जुन्या पिशवीसाठी एवढं रडते. काय जीव असेल पोरीचा माझ्या शिलाईवर!

"रडू नको गं. आणि नवी कुठल्या रंगाची देऊ? लाल का निळी?"

ती रडता रडता हसली. "आक्का, तुमी बी ना!" म्हणाली आणि फोन ठेवला. मी पुन्हा पाय चालवायला लागले. तंतू तरंगत होते, माग वाजत होते. माझ्यासारखी सुखी बाई त्या दुपारी साऱ्या जिल्ह्यात नव्हती.

संध्याकाळी नरसम्मा आली चहाला. आमची भिंतीला भिंत. तिच्या सासरचे सगळे विणकर, घरात तेलुगू, पण माझ्याशी आमच्या दोघींचं असं एक मराठी बोलते.

"नरसम्मा, शनिवारी माझी जाऊ येतेय. तिची पिशवी बिघडलीय. गाठ झालीय लिंबाएवढी. नवरा म्हणतोय, काढून टाक."

"अय्यो पापम! बिचारी! मग आता?"

"आता काय? मी करते की इथंच."

"इथं? कुठं इथं?"

"ह्या फरशीवर. एक चादर अंथरायची. पिशवी आतून उलटी करायची, गाठ कापायची, दोन पक्के टाके मारायचे. अर्ध्या तासाचं काम. नवऱ्याला समोर बसवते, बघ म्हणावं."

नरसम्माच्या हातातली बशी कलली.

"आक्का… कापणार कशानं?"

"ह्या कात्रीनं. कालच धार लावून आणली."

"आधी कधी केलं का तुमी हे?"

"ढीगभर! पेठेतल्या किती जणींचं केलंय. अगं, मागच्या दिवाळीत माझ्या स्वतःच्या पिशवीचं मीच केलं. इथं बसून, रेडिओ ऐकत!"

नरसम्मानं माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं. मग उठली. चहा अर्धा तसाच. दारात चप्पल उलटी घातली आणि गेली. मी म्हटलं, हिला मत्सर वाटला असणार. तिलाही शिवणकाम येतं ना.

शनिवारी सकाळच्या एसटीनं मंगल आणि भानुदास आले. मंगल उतरलेली दिसत होती, डोळे आत गेलेले. भानुदास कोपऱ्यात टोपी हातात घेऊन बसला, मास्तरांनी उभं केल्यासारखा. मी तयारीतच होते. फरशीवर चादर, चादरीवर कात्री, दोरा, सुया. मशीनला तेल घातलेलं.

मंगलनं ते सगळं बघितलं आणि घोटभर पाणी मागितलं.

"हं, आण पिशवी," मी कात्री उचलून म्हणाले.

मंगलनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं छताकडं.

"हितंच, आक्का?"

"मग काय चौकात? काढ बाहेर. लाजायचं काय त्यात, परकं कोण आहे?"

भानुदास उठलाच. "वैनी, मी जरा खाली जाऊन येतो."

"बसा खाली! तुम्हीच म्हणाला होता ना काढून टाक? आता डोळ्यांनी बघा."

"म्या? म्या कुटं म्हनलो वैनी! त्यो डागदर म्हनला!"

"डॉक्टरचा इथं काय संबंध?"

मंगलनं हळूच पदराआडून एक पिशवी पुढं केली. प्लास्टिकची! मी तिच्यावर तोंड सोडणार, तेवढ्यात आतून एक फाईल आणि एक काळा, चकचकीत कागद बाहेर आला. काळ्यात करडे ढग, धुरकट, चंद्राला खळं पडावं तसं काहीतरी.

फाईलमध्ये सगळं इंग्रजी. इंग्रजी अक्षरं मला सुटी सुटी येतात, एकत्र आली की माझ्याशी बोलत नाहीत. पण खाली पेनानं एक ओळ मराठीत लिहिली होती. मी बोट ठेवून वाचली, पुडा वाचायचे तशी.

ग. र्भ. पि. श. वी.

नेमकी तेव्हाच वीज गेली. खालचे माग एकदम थांबले. आमच्या पेठेत माग थांबले की कानांत कापूस घातल्यासारखं होतं. त्या तसल्या शांततेत मी ती ओळ पुन्हा वाचली. 'गर्भपिशवी काढावी लागेल.' सगळा घोळ सुरुवातीच्या दोन अक्षरांचा! माझ्या उभ्या जन्मात ह्या शब्दाचे दोन्ही अर्थ मी बोललेय. शेजारणीची पिशवी काढली तेव्हा तिला डबा मीच पोचवलाय. आणि वेळेवर मला एकच आठवला, तोही भाजीचा!

आणि मग एकेक वाक्य उलटं चालत परत यायला लागलं. आतून का बाहेरून? दुसरीकडं दाखव. लाल का निळी?

मंगल माझ्या तोंडाकडं बघत होती. "आक्का, आजच भरती व्हायला सांगितलं व्हतं तितं. तुमी त्ये बोलला म्हनून म्या न्हाय म्हनलं. आता तुमीच सांगा."

बघा आता. एका बाईच्या जिवाचा प्रश्न, आणि तिनं तो कुणाच्या भरवशावर ठेवला होता? भाजीच्या पिशवीच्या! मला खरं बोलायचं होतं हो, पण जीभ टाळ्याला चिकटली. आयुष्यात पहिल्यांदा.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"आक्का! कात्री खाली ठेवा!"

नरसम्मा! धापा टाकत, केस सुटलेले. "हात लावू नका तिला! माझी भाची नर्स आहे, तिच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीय मी. खाली रिक्षा उभी आहे. चला!"

हातात तशीच राहिलेली कात्री मी खाली ठेवली. इतक्या आज्ञाधारकपणे मी कधी कुणाचं ऐकलं नसेल.

डॉक्टरीणबाईंनी मंगलला नीट तपासलं. पुन्हा तो काळा फोटो काढला, रक्त तपासायला पाठवलं. दोन तास आम्ही बाकावर. मंगलनं माझा हात धरून ठेवला होता आणि मी मनात म्हणत होते, देवा, माझ्या मूर्खपणाची शिक्षा हिला नको.

मग बाईंनी आत बोलावलं. "गाठ आहे, पण आत्ता लहान आहे. साधीच दिसतेय. गोळ्या देते, तीन महिन्यांनी परत दाखवायचं. आज पिशवी काढायची गरज मला वाटत नाही. पुढं लागलीच, तर तेव्हा बोलू, तुम्हाला सगळं समजावून." मंगलनं डोळे मिटले. बाईंनी विचारलं, "दुसरीकडं दाखवा, असं कुणी सुचवलं तुम्हाला?"

मंगलनं माझ्याकडं बोट केलं. अभिमानानं! "ह्या आमच्या आक्कांनी. म्हनल्या, पिशवी बाईची हाय, बाईनं ठरवायचं. बाप्यांनी तोंड घालायचं न्हाय."

भानुदासनं मान हलवली. टोपी अजून हातातच.

डॉक्टरीणबाई चक्क खुर्चीतून उठल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बरंच शिकलेल्या दिसता तुम्ही."

अहो, हे वाक्य ऐकायला मी जन्मभर थांबले होते! साखरेच्या पुड्यांपासून! कुणीतरी एकदा म्हणावं, शिकलेल्या माणसानं म्हणावं. आणि म्हटलं तेव्हा कशासाठी म्हटलं? नरसम्मा शेजारी उभी होती; खरा घोळ मी तिच्या कानात बाकावरच सांगितला होता. तिनं खाली वाकून चप्पल नीट केली. बराच वेळ करत होती. खांदे हलत होते तिचे.

स्टँडवर सांगोल्याची गाडी लागायला वेळ होता. भानुदास तिकडं पाण्याची बाटली आणायला गेला. मी मंगलला नवी पिशवी दिली, लाल, चौकडीची, बंद तळापर्यंत. आणि म्हणाले, "मंगल, तुला एक सांगायचंय. मला वाटलं होतं, तू बाजाराच्या पिशवीचं बोलतेस."

"कवा?"

"फोनवर."

"सगळं?"

"सगळं."

"आन् गाठ?"

"बंदाची वाटली."

"लेकरं वाढली म्हनलासा, ती?"

"दप्तराची गं."

मंगल माझ्याकडं बघत राहिली. मग तिच्या पोटातून असं हसू आलं, की कंडक्टर वळून बघायला लागला. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. मीही हसले. हसता हसता ती थांबली, आणि हातातल्या पिशवीवरून बोट फिरवत राहिली, स्वप्नात असल्यासारखं.

"आक्का, तुमाला ठावं न्हाय. दवाखान्यात इचारलं न्हाय, घरात इचारलं न्हाय, मंगल, तुला काय पायजे. तुमी एकल्यांनी इचारलं. लाल का निळी."

गाडी लागली. ती खिडकीत बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. धूळ उडाली आणि तिच्यात ती लाल चौकडी लांब, लांब जात राहिली. माझ्या त्या दुपारच्या स्वप्नात जशी जायची, अगदी तशी.

इथं किस्सा संपला असता तर मी आज ताठ मानेनं चहा पाजला असता. पण नाही ना संपला!

मंगलनं गावात सगळं सांगितलं. खरं काय झालं, ते सोडून सगळं! मला बायांचे फोन यायला लागले. "पिशवीवाल्या आक्का का?" मी त्यांना एकच सांगायची: मला त्यातलं काही कळत नाही बाई, घाबरू नका, पण एकाच ठिकाणचं ऐकू नका, दुसऱ्याही चांगल्या डॉक्टरला दाखवा, आणि ठरवा तुम्ही. सांगून सांगून ते इतकं पाठ झालं, की पिशवी हा शब्द कानावर पडला की पुढचं तोंडातून आपोआप यायचं. चुकून शहाणी झालेली बाई फार धोक्याची असते, माझ्याकडं बघा.

एका दुपारी मशीनवर माझी तंद्री लागलेली, माग वाजतायत, आणि फोन आला.

"आक्का, मल्लप्पा बोलतोय. पिशवीचं बोलायचं होतं."

मला वाईट वाटलं. शेठच्या घरात कुणाला तरी त्रास असणार. "बोला शेठ. लाजू नका."

"ठरवलंय आता. सगळ्या काढून टाकतो."

"सगळ्या? अहो, बायका किती आहेत घरात?"

"बायका? आई, बायको, दोन सुना. का हो?"

"आणि चौघींना न विचारता ठरवलंत?"

"त्यांना काय विचारायचं त्यात? पिशव्या माझ्या, मी बघून घेतो की!"

मग मी त्याला असा सोलला, असा सोलला! "तुमच्या कशा? पिशवी बाईची असते! बाईनं ठरवायचं, बाप्यांनी तोंड घालायचं नाही! एकाच ठिकाणचं ऐकायचं नाही, दुसरीकडं दाखवायचं!" आणि फोन आपटला. चार सासुरवाशिणी वाचवल्याच्या समाधानात मी आणखी दोन बंद शिवले.

चार दिवसांनी साखर संपली, म्हणून दुकानात गेले. प्लास्टिक कुठंच दिसेना. शेठनं साखर कागदाच्या पुड्यात बांधून दिली, वर दोरा. माझा जीव हरखला! आणि शेजारी बघते तर पिशव्यांची ही थप्पी. लाल, निळ्या, चौकडीच्या. एक उचलली, उजेडाकडं धरली. उभा धागा, आडवा धागा. बंद तळापर्यंत उतरून खालून फिरलेला. शिलाई सरळ. खोट काढायला जागाच नाही.

"शेठ, ह्या कुणाच्या?"

"तुमच्याकडूनच घेणार होतो आक्का. शंभर. सांगायलाच फोन केला होता, प्लास्टिक सगळं काढून टाकतो म्हणून." शेठ फार सभ्यपणे बोलत होता, तेच जास्त लागलं. "पण तुम्ही म्हणालात बाईनं ठरवायचं, मी बायकोला विचारलं. तुम्ही म्हणालात एकाच ठिकाणचं ऐकू नका, दुसरीकडं दाखवा. दाखवलं. दुसरीकडच्या तिला आवडल्या."

"दुसरीकडं म्हणजे कुठं?"

"तुमच्या शेजारीच की. नरसम्मांकडं."

आता रोज दुपारी मी भिंतीपलीकडं जाते. शंभराचे तीनशे झालेत, तिला एकटीला उरकत नाही. खाली माग वाजत असतात, तंतू तरंगत असतात, आणि सोलापूरभर पिशव्या चाललेल्या मला आता उघड्या डोळ्यांनी दिसतात. नरसम्मानं मला कामाला घेताना एकच अट घातलीय. शिवायचं मी, बंद लावायचे मी, पण कात्री तिच्याच हातात राहील.